निवडायला काही होतं तेव्हा

लग्नाच्या कार्यालयात, एसटीच्या थांब्यावरच्या हॉटेलात, पाहुण्यांच्या घरी हातपाय धुऊन झाल्या झाल्या एक प्रश्न हमखास ऐकू यायचा: "बारीक पिन आहे का हो?" पिन म्हणजे नोकियाची, हे वेगळं सांगावं लागत नसे. नोकियाच्या चार्जरची आधी जाड पिन होती, २००५च्या आसपास बारीक आली, आणि पुढची काही वर्षं घराघरांतला चार्जिंगचा शेजारधर्म या दोन पिनांवर चालला. सोनी एरिक्सनवाला बिचारा आपला चपट्या तोंडाचा चार्जर पिशवीत घालूनच घराबाहेर पडे. दुसऱ्या कुणाकडे तो मिळेल ही आशाच नसे. सॅमसंगवाल्याचं तिसरंच काहीतरी. घोळक्यात एखादा आयफोनवाला असलाच, तर त्याची रुंद पट्टीसारखी पिन सगळे हातात घेऊन बघत आणि न बोलता परत देत.

आता कुणाच्याही भिंतीवरची वायर कुणालाही चालते. आयफोननेही २०२३ साली, युरोपीय संघाने कायदाच केल्यावर, टाइप-सी घेतली. सोय झाली, यात वाद नाही. पण पिना एकसारख्या झाल्या तसे फोनही एकसारखे झाले, आणि फोनबद्दलची आपली आवडनिवडही.

'अँड्रॉइड की आयफोन' हा वाद आजच्या मुलांना सनातन वाटतो. २०११ साली दुकानात गेलं की सिम्बियन, ब्लॅकबेरी, अँड्रॉइड, आयओएस, विंडोज आणि सॅमसंगचं बाडा अशा सहा सिस्टिमचे फोन काचेच्या कपाटांत शेजारी शेजारी मांडलेले असत. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एकाचा मेनू डावीकडून उघडे, दुसऱ्याला मधलं बटण लागे, तिसऱ्याला बटणच नसे. दुकानदार फोन हातात देई, आपण दोन मिनिटं चाळत असू, आणि हा आपला की परक्याचा हे हाताला कळे. तशी निवड मी शेवटची कधी केली, ते आठवायला मला आता वेळ लागतो.

त्याआधी, नोकियाच्या दिवसांत, मी पुण्यात एका मासिकाच्या संपादकीय विभागात मुद्रितं तपासत होते. कामापुरता एक नोकिया घेतला. तो सिम्बियनवर चालतो हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लोक सिस्टिम बघून नव्हे, आकडा बघून फोन घेत. ६६०० हा २००३ सालचा, पोट सुटलेला, साहेबी फोन. एन७० कॅमेऱ्याच्या हौशी माणसाचा. एन७३ म्हणजे एन७० परवडला नाही म्हणून थांबलेल्याने पुढे सूड उगवून घेतलेला. एन९५ ज्याच्याकडे असेल तो माणूस फोन टेबलावर पालथा न ठेवता वरची झाकणी दोन्ही बाजूंना सरकवत बसे.

या सगळ्यांच्या पोटात एकच सिम्बियन होतं. खिशातल्या इलेक्ट्रॉनिक डायऱ्या बनवणाऱ्या ब्रिटनच्या सायॉन कंपनीने नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोलाला सोबत घेऊन १९९८ साली ही कंपनी काढली. आयफोन जन्मला त्या २००७ साली जगातले निम्म्याहून अधिक स्मार्टफोन सिम्बियनचे होते. आज हे सांगितलं तर मुलांना थाप वाटते.

सिम्बियनवर ॲप टाकणं हा एक विधी होता. ॲपची फाइल कुठूनतरी मिळवायची, ब्लूटूथने फोनवर घ्यायची, उघडायची, आणि मग पाटी यायची: सर्टिफिकेट एक्सपायर्ड. फोन म्हणे, या ॲपच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. यावर उपाय सगळ्यांना ठाऊक होता. फोनची तारीख एक-दोन वर्षं मागे न्यायची, ॲप टाकायचं, तारीख पुन्हा पुढे आणायची. आमच्या कचेरीत डीटीपी करणारा मुलगा हे काम सगळ्यांना चहाच्या बोलीवर करून देई. एकदा संपादकांच्या फोनची तारीख पुढे आणायची राहिली. काही दिवस त्यांना एकाही बैठकीची आठवण फोनने केली नाही, आणि ते दिवस त्यांना फार सुखाचे गेले.

मला मात्र त्या फोनवर एकच गोष्ट हवी होती: मराठी वाचणं. वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडलं की पडदाभर चौकोन. जणू कुणी अक्षरं खोडून रिकाम्या खिडक्या ठेवल्या आहेत. मग कुणाकडून तरी ओपेरा मिनीची युक्ती कळली. पत्त्याच्या पट्टीत 'ओपेरा:कॉन्फिग' लिहायचं, जी यादी उघडेल तिच्या तळाशी जायचं, आणि अवघड लिप्यांसाठी बिटमॅप अक्षरं वापरू का, या प्रश्नापुढे 'नो'चं 'येस' करायचं. मग ओपेराचा सर्व्हर मराठी अक्षरांची चित्रं काढून पाठवायचा. हो, चित्रं! मजकूर वाचता यायचा, पण त्यातला एक शब्दही उचलून घेता यायचा नाही. तरी पहिल्यांदा बातमी उमटली तेव्हा कचेरीतल्या चौघींनी आळीपाळीने माझा फोन हातात घेतला. त्या दुपारी मी सिम्बियनची झाले. सिस्टिम आवडायला इतकं पुरे असायचं.

यातला विनोद असा की नोकियाच्याच साध्या, स्वस्तातल्या फोनांत मराठी मेनू होता. साताऱ्याला आईकडे तसला फोन होता, वर टॉर्चवाला. तिला मेनूतली मराठी वाचता येई आणि मला माझ्या महागड्या फोनवर मराठीची चित्रं मागवावी लागत. हुशार फोनांना आपली भाषा शेवटी शिकवायची, हा नियम तिथेच ठरला असावा.

ब्लॅकबेरीवर मला फार बोलायचं नाही, कारण ती माझी कधी झाली नाही. पण २०१०च्या सुमारास तिचा तोरा बघण्यासारखा होता. व्होडाफोनची जाहिरात आठवते? सुटाबुटातले साहेब 'आम्ही ब्लॅकबेरी बॉइज' म्हणत गात असतात आणि त्यांच्यात टी-शर्टातली पोरं येऊन घुसतात. जाहिरातीने खरं तेच सांगितलं होतं. बँकवाल्यांचा फोन बघता बघता कॉलेजच्या कट्ट्यावर आला आणि नंबराऐवजी पोरं एकमेकांना बीबीएमची, म्हणजे ब्लॅकबेरीच्या मेसेंजरची, पिन देऊ लागली. त्याच वर्षी सरकारने कंपनीला दम भरला की संदेश तपासता आले नाहीत तर सेवा बंद करू. ऑगस्टअखेरची मुदत घातली. घासाघीस बरीच चालली, पुढे कंपनीने मुंबईत सर्व्हर ठेवला. सरकारलाही वाचता येत नाही असा फोन, ही ब्लॅकबेरीची आपल्याकडे झालेली सर्वांत मोठी आणि संपूर्ण फुकट जाहिरात. अंगठ्याखालची ती बारकी बटणं इंग्रजी टंकायला आजवरची सर्वोत्तम होती, असं माझं मत आहे. मराठीसाठी त्यांचा उपयोग शून्य. बीबीएम २०१३च्या ऑक्टोबरात अँड्रॉइड आणि आयफोनवर आलं, तोवर लोक व्हॉट्सॲपवर कधीच स्थिरावले होते.

आयफोन आमच्या घरात पहिल्यांदा आला तो धाकट्या दिरांबरोबर, अमेरिकेहून. भारतात तो अजून विकायला नव्हता. मुंबईत मनीष मार्केटला कुणीतरी तो आपलं सिम चालेल असा करून दिला. पुढे २००८च्या २२ ऑगस्टला आयफोन ३जी रीतसर आला, ८ जीबीचा ३१,००० रुपयांना, तेव्हा आमच्या भाऊजींची मान आणखीनच ताठ झाली.

"वहिनी, बोटांनी फोटो मोठा करून बघा."

बघितला. खरंच मोठा झाला. सासूबाईंनीही बघितला आणि म्हणाल्या, "छान आहे रे. ते परवाचं भजन आहे ना तुझ्यात, ते हिच्या फोनवर टाक, ब्लूटूथने."

"आई, याच्यातून ब्लूटूथने गाणं जात नाही."

"मग एवढे पैसे कशाचे घेतले त्यांनी?"

प्रश्न रास्त होता. त्या आयफोनला कॉपी-पेस्टही येत नव्हतं. ते यायला २००९चा जून उजाडला. व्हिडिओ काढता येत नव्हता. आमच्या नोकियांना हे सगळं येत होतं आणि तरी सगळे त्या काचेकडेच बघत होते. आमचे फोन कामाचे होते; तो बघावा असा होता. त्या काळात आयफोन घेणारा माणूस हौशी असे, थोडा धाडसीही. आज तो घेणारा बहुधा डोक्याला ताप नको म्हणून घेतो. आयफोनच्या स्वभावात नाही, त्याच्या गिऱ्हाइकात झालेला हा बदल मला सर्वांत मोठा वाटतो.

अँड्रॉइड आपल्याकडे २००९ साली एचटीसीच्या मॅजिकवर आलं आणि आरंभी कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. मग त्याची ती गोडाधोडाची नावं सुरू झाली. कपकेक, डोनट, एक्लेअर. एक्लेअर म्हणजे आपल्याकडे कागदात गुंडाळलेली चॉकलेटची गोळी, त्यामुळे ती आवृत्ती लहान मुलांसाठी आहे असा एका सहकाऱ्याचा प्रामाणिक समज होता. २०१८ साली 'पी'ची पाळी आली तेव्हा पुरणपोळीची शक्यता मी मनात तपासून घेतली. 'पाय' निघालं. पुढच्या वर्षी गूगलने गोडाचा पदार्थच बंद केला आणि नुसते आकडे ठेवले.

सुरुवातीच्या अँड्रॉइडवर मराठी दिसे, पण कशी? ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर. 'किती' लिहिलं की क एकीकडे आणि त्याची वेलांटी पलीकडच्या तच्या अंगावर. जोडाक्षरं सुटून, पाय मोडलेली, ओळीत उभी. 'स्थिती' या शब्दाची स्थिती तर बघवत नसे. चौकोन परवडले, असं मुद्रितं तपासणाऱ्या बाईला वाटावं असा तो प्रकार होता. चौकोनांवर निदान खुणा कराव्याशा वाटत नाहीत. २०११ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे आइस्क्रीम सँडविचपासून, देवनागरी नीट जुळू लागली. मग मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने 'स्वरचक्र' नावाचा फुकट कीबोर्ड दिला. 'क'वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती का-कि-की-कु अशी बाराखडी गोल फेर धरून उभी राहायची. हव्या त्या दिशेला बोट सरकवायचं. ज्याने बाराखडी पाठ केली आहे त्याला वेगळं काही शिकायला नको. परदेशी कंपन्या इंग्रजीच्या किल्ल्यांवर मराठी चिकटवत होत्या तेव्हा इथल्या माणसांनी आपली लिपी कशी चालते यावरून कीबोर्ड बेतला, याचं कौतुक मराठी माणसाने हवं तितकं केलं नाही. आणि २०१४च्या लॉलिपॉपपासून अँड्रॉइडचा अख्खा मेनूच मराठीत आला. त्याच वर्षी आयफोनने बाहेरचा कीबोर्ड टाकायची परवानगी दिली, पण मेनू काही मराठीत आला नाही.

स्वस्ताई हे अँड्रॉइड पसरण्याचं कारण सगळे सांगतात आणि ते खरं आहे. ९,९९९ रुपयांत पाच इंची पडदा देणारा मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास २ आमच्या इमारतीत निम्म्या घरांत होता. पण त्याला दोन सिम बसत, हेही तितकंच मोठं कारण. एक सिम ऑफिसने दिलेलं, एक गावाकडच्या स्वस्त बोलण्याचं. नोकियाला ही साधी गरज उशिरा उमगली. ॲपलने दोन नंबरांची सोय २०१८ साली दिली.

अँड्रॉइडवाल्यांत आणखी एक जमात होती, फोन 'रूट' करणाऱ्यांची. कंपनीने दिलेली सिस्टिम उपटून सायनोजेनमॉड नावाची दुसरीच टाकायची, अर्धी रात्र फोन 'ब्रिक' झाला, म्हणजे मेला, म्हणून घाबरायचं, सकाळी चालू झाला की ऑफिसात मिरवायचं. हे वेड एवढं वाढलं की २०१४च्या डिसेंबरात वनप्लस आणि मायक्रोमॅक्स या सायनोजेनच्या हक्कावरून दिल्ली उच्च न्यायालयात भांडले. सिस्टिम कुठली, यावरून कोर्टात जाण्याइतकी माया! आज कुणाच्या फोनमध्ये अँड्रॉइडची कितवी आवृत्ती आहे हे विचारा. दहातल्या नऊंना सांगता येणार नाही, आणि तसं काही अडतही नाही.

आता माझ्या खऱ्या प्रेमाकडे येते. विंडोज फोन.

हसू नका. २०१३ साली मी नोकियाचा ल्युमिया ५२० घेतला, आणि तेवढा शहाणा फोन माझ्या हातात त्यानंतर आलेला नाही. मोठमोठ्या रंगीत फरशा, त्यांवर ठसठशीत अक्षरं. रेल्वे आणि विमानतळांवरच्या पाट्यांवरून ती मांडणी सुचली होती आणि ते दिसत होतं. घाईत असलेल्या माणसाला लांबून वाचता यावं असं सगळं. ५१२ एमबी रॅमवर तो फोन असा पळायचा की दुप्पट किमतीचा अँड्रॉइड मागे राहावा. चिन्हांची दाटी नाही, झगमगाट नाही. जे दाबलं ते उघडलं. आणि नोकियाचे नकाशे! नेट नसतानाही चालणारे. घरीच नकाशा उतरवून घ्यायचा आणि निघायचं. आंबा घाटात गाडीतल्या सगळ्यांच्या फोनांची रेंज गेली होती, आणि माझा फोन शांतपणे 'दोनशे मीटरवर डावीकडे' म्हणत होता. भाऊजींचा आयफोन तेव्हा त्यांच्या खिशात होता. मी त्याबद्दल एक शब्दही बोलले नाही. रत्नागिरीपर्यंत.

पण त्या फोनसाठी ॲप कुणी लिहीना. आमच्या बँकेचं ॲप आलंच नाही. रिक्षा-टॅक्सीवाल्यांची आली ती लंगडत. आणि मायक्रोसॉफ्टने घरच्या माणसांनाही तसंच वागवलं: विंडोज फोन ७ घेतलेल्यांना २०१२ साली सांगण्यात आलं की आठवी आवृत्ती तुमच्या फोनवर चालणार नाही. जे आधी विश्वास टाकतात त्यांनाच असं दाराबाहेर ठेवलं, तर पुढची सिस्टिम घ्यायला कोण येणार?

नोकियाची गोष्ट याहून कडू आहे. २०११च्या फेब्रुवारीत नोकियाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं. त्यात समुद्रातल्या पेटलेल्या तेलफलाटावरचा माणूस होता. जळून मरायचं की थंडगार पाण्यात उडी टाकायची, हे त्याला ठरवायचं होतं. नोकियाने उडी टाकली ती मायक्रोसॉफ्टच्या होडीत. सिम्बियनवर शेवटचा फोन ८०८ प्युअरव्ह्यू निघाला. २०१४च्या एप्रिलात नोकियाचा फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टकडे गेला. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला २००६ साली सुरू झालेला नोकियाचा प्रचंड कारखाना त्याच वर्षी नोव्हेंबरात बंद पडला. ती जागा पुढे सालकॉम्प या मूळच्या फिनलंडच्याच कंपनीने घेतली. तिथे आता आयफोनचे चार्जर बनतात.

मधल्या काळात आणखी काही येऊन गेले. इंटेक्सचा १,९९९ रुपयांचा फायरफॉक्स ओएसवाला फोन, सॅमसंगचा टायझनवाला झेड१. मुंबईत आयआयटीच्या मुलांनी उभं केलेलं इंडस ओएस, ज्यात मराठीसकट भारतीय भाषा केंद्रस्थानी होत्या. फायरफॉक्स ओएसचा मात्र पुनर्जन्म झाला: त्याच्याच सांगाड्यावर कायओएस उभं राहिलं आणि २०१७ साली जिओफोनमध्ये बसून खेडोपाडी गेलं.

बाकीच्यांच्या मृत्यूचा दाखला व्हॉट्सॲपनेच दिला. जुन्या सिम्बियन आणि ब्लॅकबेरीवर ते २०१७च्या आसपास बंद झालं, विंडोज फोनवर २०१९च्या ३१ डिसेंबरला. ब्लॅकबेरीने स्वतःची सेवा बंद केली ती २०२२च्या ४ जानेवारीला, पण आपल्याकडे कुठलाही फोन मेला ते व्हॉट्सॲप थांबलं त्या दिवशी. फोन चालू असे, बॅटरी चांगली असे, कॅमेरा उत्तम असे. पण सोसायटीचा ग्रुप दिसत नाही, म्हणजे तो फोन नव्हेच.

उरले दोन. आपल्या देशात शंभरातले नव्वदहून अधिक फोन अँड्रॉइडचे आहेत, म्हणजे खरं तर दीड.

मग आता आवड कशावर ठरते? दिरांची मुलगी बारावी झाली आणि तिला आयफोनच हवा होता. मी कारण विचारलं. तिने ना कॅमेरा सांगितला, ना सुरक्षितता. म्हणाली, "काकू, ट्रेकवरून आलो की सगळे एअरड्रॉपने फोटो देतात. मी एकटीच 'मला व्हॉट्सॲप करा' म्हणत बसते." मला सासूबाईंचं भजन आठवलं. एकाकडून दुसऱ्याकडे, नेट न वापरता, समोरासमोर काही देता येणं, हेच तर आमचे फोन करत होते. तेव्हा ज्याला ते येत नव्हतं त्याच्याच दारात आता रांग आहे. अमेरिकेत म्हणे संदेशाचा बुडबुडा निळा (आयफोनचा) की हिरवा (अँड्रॉइडचा) यावरून मुलं एकमेकांना जोखतात. आपल्याकडे ते लागू नाही. आपले सगळे बुडबुडे व्हॉट्सॲपचे. इथला तोरा फोनच्या पाठीवर असतो, आरशासमोरच्या फोटोत दिसेल असा, आणि तो नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतो. ॲपलचं दुकान मुंबईत बीकेसीला २०२३ साली निघालं, पुण्यात कोरेगाव पार्कला २०२५च्या सप्टेंबरात. पोरगी तिथे जाऊन फोन हातात घेऊन आली, पण निवडायला नव्हे. निवड झालेली होती.

सिस्टिमींतला फरकही उरलेला नाही. आयफोनने २०२० साली पडद्यावर विजेट आणली, जी अँड्रॉइडवाले दहा वर्षं वापरत होते. अँड्रॉइडने खालची बटणं काढून आयफोनसारखं बोट सरकवणं घेतलं. डोळे मिटून दोन्ही हातात दिले तर वजनावरून ओळखावे लागतील.

मोठ्या माणसांच्या बाबतीत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. साठीपुढच्या माणसाला कुठली सिस्टिम आवडते, याचं उत्तर त्याच्या नातवाच्या खिशात असतं. साताऱ्याला आईकडे अँड्रॉइड आहे, कारण माझा भाचा तिथे राहतो आणि त्याच्याकडे अँड्रॉइड आहे. "आजी, वरून खाली ओढ... नाही, तिथून नाही, अगदी वरून." हे जो दिवसातून चारदा सांगणार, त्याचीच सिस्टिम घरात चालते. आयफोनवाल्या मुलांनी आईबापांना पाठवलेले महागडे आयफोन शेजारच्या अँड्रॉइडवाल्या पोराकडून समजून घेताना मी म्हातारी माणसं पाहिली आहेत. दोन्हीकडे नुसता वैताग.

आणि माझ्यासारखे मधले? आम्ही अडकलेले आहोत. फोटो एका ढगात, नंबर त्याच ढगात, व्हॉट्सॲपवरची इतक्या वर्षांची बोलणी. अँड्रॉइडवरून आयफोनवर ती बोलणी नेण्याची अधिकृत सोयच २०२२ साली झाली. त्याआधी सिस्टिम बदलायची तर गप्पा सोडून जावं लागे. याला आवड म्हणायला माझी जीभ वळत नाही. पूर्वी फोन बदलताना ब्लूटूथने नंबर घेतले की मी मोकळी होते, म्हणूनच सिम्बियनवरून विंडोजवर जाण्याची हिंमत झाली. कंपन्यांनाही आपण मोकळं असणं परवडत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२च्या ऑक्टोबरात अँड्रॉइडमधल्या मक्तेदारीवरून गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यानंतर कुठे नवा फोन घेताना शोधाचं इंजिन निवडा असं विचारलं जाऊ लागलं.

तरी कुणी खोदून विचारलंच, तर मी अँड्रॉइडच्या बाजूने उभी राहते, आणि कारण भाषेचं आहे. आयफोनचा मेनू मराठीत आला तो आयओएस १८.४ मध्ये, २०२५ साली. अँड्रॉइडच्या मराठी मेनूला तोवर दहा वर्षं उलटून गेली होती, आणि आईच्या त्या टॉर्चवाल्या नोकियातली मराठी तर त्याच्याही कितीतरी आधीची. भाऊजी म्हणतात, "वहिनी, आता आलं ना, मग झालं." त्यांनी स्वतः अजून ते लावून पाहिलेलं नाही. आला तो बरा आला. पण इतका महाग फोन विकताना ज्यांना आपली भाषा इतक्या उशिरा आठवली, त्यांच्यावर माझा जीव जडणार नाही. जीव जडला होता तो ल्युमियावर. त्या फोनचा मेनू इंग्रजीत होता, हे भाऊजी मला दर वेळी ऐकवतात.

एक कामाचं सांगते. तुमच्या घरात एखादा जुना ६६००, एन७० किंवा एन७३ पडला असेल, तर त्यातले फोटो आणि नंबर या महिन्यात बाहेर काढून घ्या. ब्लूटूथने ते आजच्या अँड्रॉइडवर जातात; आयफोनवर जात नाहीत, तेव्हा त्यापुरता कुणाचा तरी अँड्रॉइड मागून आणा. बॅटरी फुगलेली दिसली तर फोन चार्जिंगला लावू नका. ६६०० आणि एन७०ला बीएल-५सी लागते, आणि रेडिओ-स्पीकरांमध्येही तीच बसत असल्यामुळे ती बाजारात अजून मिळते.